प्रौढ वयात शिकलेला दर्या

नौकानयनाची विद्या बहुधा अजाण वयातच अंगी मुरते. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या वा भंडाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाला सुकाणू प्रथम केव्हा हाती धरले हे सांगता येत नाही. वारा फिरला की शिडाची दोरी सैल करावी की ताणावी, हा प्रश्न त्याच्या मनात उमटण्यापूर्वीच त्याच्या हातांनी सोडविलेला असतो. परंतु ज्याचे बाळपण डोंगरात गेले, ज्याच्या पायांना खडकाची सवय आणि डोळ्यांना खिंडीची ओळख, अशा मनुष्यास प्रौढ वयात ही विद्या संपादन करावयाची झाली, तर प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकावे लागते आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढे आपली थोरवी बाजूस ठेवून बसावे लागते. महाराष्ट्राच्या इतिहासात असे प्रौढ शिष्यत्व एका व्यक्तीने नव्हे, तर एका समग्र राज्याने पत्करल्याचा दृष्टांत एकच आहे. आणि ते शिष्यत्व कसे फळले व पुढे कसे उणावले, याचा विचार आजही उद्बोधक वाटतो.

1657 च्या ऑक्टोबर महिन्यात कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजीमहाराजांच्या हाती आली, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत वाढलेले हे राज्य प्रथमच खाडीच्या पाण्यापाशी येऊन उभे राहिले. समोर पसरलेला दर्या मोकळा नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या पोर्तुगीजांनी गोवा, चौल, वसई येथे बळकट ठाणी घालून असा दंडक बसविला होता की, त्यांचे दस्तक घेतल्यावाचून कोणाही व्यापाऱ्याचे तारू समुद्रात चालू नये, चालल्यास ते मालासह जप्त व्हावे. दंडाराजपुरीचा सिद्दी जंजिऱ्याच्या आश्रयाने किनाऱ्यावरील रयतेस उपद्रव देत असे आणि पाठलाग झाला की पाण्यावर निघून जात असे. जमिनीवरील फौज कितीही शूर असो, ती वाळूत उभी राहून दूर जाणाऱ्या गलबतांकडे पाहण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. मुलूख आपला, परंतु त्याची पश्चिमेकडील वेस परक्यांच्या ताब्यात, ही अवस्था ज्याच्या ध्यानात आली त्याला दर्या शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक भासते. त्या काळी ती तशी नव्हती. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत समुद्रयात्रेची गणना कलिवर्ज्यांत केलेली होती, आणि घाटावरील प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने खाऱ्या पाण्यावरचा व्यवसाय हा खालच्या पायरीवरील लोकांचा होता. दख्खनच्या सुलतानांनी बंदरांची जकात घेतली, मक्केस जाणारी जहाजे पाठविली, पण दर्यावरील पोर्तुगीजांची हुकमत मोडून काढण्याचे सामर्थ्य त्यांच्यापैकी कोणीही उभे केले नाही. अशा परंपरेच्या गर्भातून आलेल्या एका तरुण राजाने आरमार उभारण्याचा संकल्प करावा, यात जितके साहस आहे तितकाच विनय आहे. कारण या संकल्पाची पहिली अट अशी होती की, राजाने आणि त्याच्या मुत्सद्द्यांनी ज्यांना कधी विचारले नव्हते त्यांना विचारावयास शिकावे.

पहिले गुरू परके निघाले. 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडीत लढाऊ नौका बांधण्याचे काम सुरू झाले, ते रुई लैताव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराच्या देखरेखीखाली. त्याचा मुलगा आणि बरेच पोर्तुगीज कसबी लोकही त्याच्याबरोबर चाकरीस होते. नौका सिद्दीवर चालून जाण्यासाठी आहेत असे सांगण्यात येत होते, तथापि त्यांचा रोख उद्या आपल्याकडे वळेल हे वसईच्या कप्तानाने ओळखले, आणि त्याने आतून सूत्रे हालवून या मंडळींना काम टाकून निघून जावयास लावले. गुरू अर्ध्यावर पाठ सोडून गेला. परंतु पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवले असतील तर अर्धा पाठही वाया जात नाही. त्या वेळी कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे शिवाजीने नौका बांधल्या असून त्या बाहेर पडू देऊ नयेत, असा मजकूर गोव्याच्या सरकारी पत्रव्यवहारात आढळतो. ज्यांनी शतकभर समुद्र आपला मानला होता, त्यांना या नवशिक्याची दखल पहिल्याच वर्षी घ्यावी लागली.

दुसरे आणि खरे गुरू घरचेच होते. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी या किनाऱ्यावरील जातिजमातींनी पिढ्यान्पिढ्या जपलेली विद्या कोणत्याही पोथीत नव्हती. ती त्यांच्या डोळ्यांत आणि मनगटात होती. राज्याने ती तेथून उचलली. सभासदाच्या बखरीत आरमाराच्या दोन सुभ्यांचे जे वर्णन येते, त्यात दर्यासारंग हा मुसलमान सुभेदार आणि मायनाक भंडारी हा दुसरा, अशी नावे आहेत. पुढे दौलतखानाचे नावही तितक्याच मानाने येते. घाटावरच्या कोणा खानदानी सरदाराला आरमाराचा अधिकार देऊन त्याच्या हाताखाली खलाशी राबविणे सोपे होते. त्याऐवजी जाणत्याच्या हातीच अधिकार देण्यात आला. प्रौढ वयात विद्यार्जन करणाऱ्याला ज्ञानाचा मान कुळाच्या मानाहून वर ठेवावा लागतो, हे त्या राज्याने अमलात आणून दाखविले.

शिकावयाचे होते तरी काय? सर्वांत आधी कालमान. जमिनीवरचा सेनापती हुकूम देतो आणि फौज निघते. दर्यावर हुकमाच्या आधी वाऱ्याची अनुज्ञा लागते. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा सुटला की कोकणचा समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू पुन्हा खुला होतो; म्हणजे वर्षातील जवळजवळ तिसरा हिस्सा आरमाराने खाडीत स्वस्थ बसून काढावयाचा. उरलेल्या महिन्यांतही दिवसाला दोन स्वभाव असतात: पहाटे जमिनीकडून सुटणारा मतलई वारा नौकेला बाहेर नेतो आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा तिला घरी आणतो. त्यातच भरती-ओहोटी, ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे सरकते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीचे तोंड उघडते आणि अष्टमीच्या भांगात तेच तोंड उथळ होऊन बसते. ज्या मनुष्याने रात्रीच्या दौडीने वीस कोस तोडण्याची सवय केली आहे, त्याला दोन घटका भरतीची वाट पाहत थांबणे हा सर्वांत कठीण धडा असतो.

दुसरा धडा नौकेच्या घडणीचा. मराठी आरमाराचा भर गुराब आणि गलबत यांवर होता. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढून निमुळती आणि बसकी. तिच्या नाळेवरून तोफा समोर डागता येत, म्हणून ती शत्रूवर तोंड करून चालून जाई. गलबत तिच्याहून लहान व हलके. वारा असला तर त्रिकोणी शिडावर आणि वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. विलायती जहाजे उंच, तोफांनी भरलेली आणि खोल पाण्याची भुकेली होती. त्यांच्याशी तोफेला तोफ लावून झुंजणे या नौकांना शक्य नव्हते. परंतु उथळ खाडीत शिरणे, वारा पडताच वल्ह्यांनी पुढे सरणे, थव्याने येऊन थव्याने पांगणे, ही कामे त्यांना साधत. सह्याद्रीच्या खिंडीत जी युद्धरीती वाढली होती, तिलाच पाण्यावर नवे रूप लाभले.

1665 च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः मालवणाहून समुद्रमार्गे निघाले. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या राजाची ही पहिली मोठी सागरी मोहीम. कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रात तीन मोठी जहाजे आणि पंच्याऐंशी लहान लढाऊ नौका असा या आरमाराचा आकडा दिलेला आहे. बिदनूरच्या राज्यातील बसरूर हे संपन्न बंदर अकस्मात गाठून लुटण्यात आले. परतताना महाराजांनी गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले आणि अंकोल्यापाशी बहुतेक नौका माघारी पाठवून, नद्या ओलांडण्यापुरत्या बारा नौका ठेवून, चार हजार पायदळासह कारवारची वाट धरली. माघ-फाल्गुनात या किनाऱ्यावर उत्तरेकडचे वारे प्रबळ असतात. दक्षिणेस जाताना ते पाठीशी, परतताना सामोरे. म्हणजे जाण्यासाठी समुद्र आणि येण्यासाठी मुख्यतः जमीन, अशी या मोहिमेची जी वाटणी झाली ती वाऱ्याच्या स्वभावाशी जुळणारी होती.

त्याच सुमारास, 1664 च्या नोव्हेंबरात, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. या घटनेत प्रौढ विद्यार्थ्याचे मन स्पष्ट दिसते. मूल नवी विद्या कोऱ्या मनाने घेते. प्रौढ ती आपल्या जुन्या विद्येच्या भाषेत घेतो. गडांवर वाढलेल्या राज्याने समुद्रातही गडच बांधला, आणि आरमाराने गडाच्या तोफांच्या छायेत वावरावे, तेथून झेप घ्यावी व तेथेच परतावे, अशी युक्ती योजली. या युक्तीतच मराठी आरमाराचे बळ होते आणि त्याची मर्यादाही होती: त्याने किनारा पुरता आत्मसात केला, खोल समुद्राचे शिक्षण मात्र त्याने कधी पूर्ण केले नाही.

ते बळ खांदेरीवर सिद्ध झाले. 1679 च्या पावसाळ्यात, जेव्हा मोठ्या जहाजांना बाहेर पडणे अवघड, अशा वेळी मायनाक भंडाऱ्याने दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन थळसमोरच्या त्या ओसाड बेटावर ठाण मांडले आणि तटबंदी सुरू केली. मुंबईच्या अगदी नाकासमोर उठणारा हा किल्ला इंग्रजांना सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. 18 ऑक्टोबरच्या लढाईत त्यांच्या ‘डव्ह’ या नौकेने शीड उतरवून शरणागती पत्करली. ‘रिव्हेंज’ या दुसऱ्या जहाजाने मात्र एकट्याने झुंज देऊन मराठी गलबते नागावच्या खाडीकडे परतविली. तोफांच्या मोजमापाने तो दिवस इंग्रजांचाच म्हणावा लागेल. परंतु नागावच्या खाडीतून रात्रीच्या अंधारात उथळ पाण्याने दाणागोटा व दारूगोळा बेटावर पोहोचत राहिला, आणि अखेरीस 1680 च्या आरंभी इंग्रजांना तह करून वेढा उठवावा लागला. हा जय ज्या माणसांचा, त्यांना त्या खाडीतील प्रत्येक खडक काळोखातही ठाऊक होता.

या सर्व शिक्षणाचे सार अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे आलेले आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, हे त्यात आरंभीच बजावले आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत; आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकता नेमलेल्या महालांतून चालवावा, नाहीतर सावकारांना तोशीस लागून बंदरे बुडतील; पाऊस सुरू होण्याच्या पुष्कळ आधी नौका छावणीस न्याव्या आणि छावणीचे बंदर दरसाल बदलावे; नौकांसाठी आंबा-फणसाची झाडे रयतेकडून बळाने तोडू नयेत, कारण ती वर्षांनुवर्षे लेकराप्रमाणे वाढविलेली असतात. राज्यकर्त्याने लिहिलेल्या या मजकुरात तांडेलाचा अनुभव बोलतो. साठ वर्षांपूर्वी ज्या राज्याला खाडीचे तोंड परके होते, त्याच्या अमात्याने वाऱ्याविषयी आणि लाकडाविषयी इतक्या अधिकाराने लिहावे, याहून त्या शिष्यत्वाची मोठी साक्ष नाही.

पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी हे शिक्षण कळसास नेले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी त्यांनी निष्फळ केली. 1729 मध्ये ते निवर्तले आणि घरात दुही माजली. त्यांचा मुलगा तुळाजी पुण्याच्या दरबारास जुमानीना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग गेला आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत एका गोळ्याने लागलेली आग नौकेवरून नौकेवर जात आंग्र्यांचे बहुतेक आरमार जाळून गेली. त्यानंतरही पेशव्यांचे आरमार राहिले; 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. तथापि समुद्राचा तोल सावरला नाही. तुळाजीची बंडाळी खरी होती, तिचे शासनही आवश्यक होते. परंतु जी विद्या राज्याने शंभर वर्षे कष्टाने मिळविली तिच्याच जळण्यास राज्याने हातभार लावावा, ही गोष्ट माझ्या मनाला आजही सलते.

उतार कोठून सुरू झाला, याचे उत्तर मला या इतिहासातच दिसते. महाराजांच्या काळी दरबार किनाऱ्याला विचारीत होता. पुढे तो किनाऱ्याला केवळ हुकूम देऊ लागला. शिवाजीमहाराजांपाशी ना जन्मजात दर्यावर्दीपण होते, ना विलायती तोफा होत्या. त्यांच्यापाशी होती ती आपल्याहून जाणत्या माणसाच्या हाती सुकाणू सोपविण्याची तयारी. प्रौढ वयात शीड उभारू पाहणाऱ्या प्रत्येकाने हीच तयारी प्रथम करावी, आणि विद्या साधल्यावरही ती टाकू नये. कारण समुद्रावरची विद्या ही एकदा मिळवून कोठारात ठेवण्याची मालमत्ता नव्हे, ती ज्यांच्यापासून मिळाली त्या माणसांचा मान राखण्यातच टिकून राहते.