चार रूळमापांचे शहर : नागपूरची छोटी लाईन आणि लघुरेल्वेचा संग्रह

नागपूरच्या रेल्वेचा इतिहास साधारणपणे कापूस, कोळसा आणि देशाच्या मध्यावर असलेले मोक्याचे ठिकाण या तीन गोष्टींभोवती लिहिला जातो. परंतु लघुरेल्वेच्या, म्हणजे खऱ्या आगगाडीच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींच्या संग्राहकाच्या दृष्टीने या शहराचे खरे वैशिष्ट्य असे की येथे आजवर चार वेगवेगळ्या रूळमापांच्या गाड्या धावल्या आहेत. रूळमाप म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर. इंजिनाची उंची, डब्याची रुंदी, वळणाची त्रिज्या आणि घाटातील चढ या साऱ्या गोष्टी या एका अंतराशी बांधलेल्या असतात, आणि खेळण्यातल्या गाडीलाही हा नियम तितकाच लागू पडतो. म्हणून लघुरेल्वेच्या संग्राहकांची संघटना कशी उभी राहते आणि कशी टिकते हे समजून घ्यायचे, तर आधी रूळमापाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते, आणि त्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज १८६७ साली मुंबईकडून नागपुरात पोहोचली, तेव्हा तिच्यामागे वऱ्हाडातील व नागपूर प्रांतातील कापूस बंदरावर नेण्याची घाई होती. त्यानंतर १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाच्या अनुभवातून छत्तीसगढचे धान्य पश्चिमेकडे आणण्यासाठी नागपूर–छत्तीसगढ रेल्वेची आखणी झाली, आणि १८८०च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग १००० मिलिमीटरच्या मीटरगेजवर राजनांदगावपर्यंत गेला. हे दुसरे रूळमाप मात्र अल्पायुषी ठरले, कारण १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेऊन लवकरच ब्रॉडगेजमध्ये बदलला आणि १८९१ पर्यंत आसनसोलच्या बाजूने कलकत्त्याशी जोडला. तिसरे माप ७६२ मिलिमीटरचे, म्हणजे अडीच फुटांचे. नागपूर परिसरातील लोक ज्याला ‘छोटी लाईन’ म्हणत आले ते हेच.

सातपुड्याच्या डोंगराळ प्रदेशात ब्रॉडगेज नेणे खर्चाचे होते. अरुंद रुळांना अरुंद बांध पुरतो, त्यांना तीव्र वळण घेता येते, पूल हलके बांधता येतात, आणि म्हणून साग, बांबू, बालाघाटचे मँगनीज व पेंच खोऱ्यातील कोळसा बाहेर काढण्यासाठी बंगाल–नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा व मंडला यांना जोडणारे छोट्या लाईनीचे जाळे विणले. त्यात १९०८ मध्ये नागपूरहून उमरेड व भिवापूरमार्गे नागभीडकडे जाणारा फाटा आला, आणि १९१३ मध्ये सावनेर, सौंसर, रामाकोना या मराठी मुलखातून घाट चढून छिंदवाड्याला जाणारा मार्ग खुला झाला. या जाळ्यावर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली सीसी वर्गाची इंजिने धावत. त्यांची रचना ४-६-२ अशी, म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी सहा मोठी चाके आणि मागे दोन लहान चाके अशी असे. पुढे वाफेची इंजिने जाऊन झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने आली, तरी गाडीचा वेग, प्रत्येक लहान गावाला थांबण्याची रीत आणि भाजी, दूध, सरपण घेऊन चढणारे उतारू यांत फारसा बदल झाला नाही.

छोट्या लाईनीचा मोठा दोष असा की ती जेथे मोठ्या लाईनीला मिळे तेथे सारा माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे, आणि या चढउतारात वेळ व मजुरी दोन्ही खर्ची पडे. १९९२ पासून रेल्वेने एकरूप रूळमापाचे धोरण हाती घेतले, तेव्हा या मार्गांचे रूपांतर ठरल्यासारखेच होते. जबलपूर, नैनपूर व छिंदवाडा या बाजूच्या गाड्या २०१५ मध्ये थांबल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या इतवारी स्थानकातून छिंदवाड्याला जाणारी गाडी बंद झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये इतवारी–नागभीड हा मार्गही बंद पडला. ब्रॉडगेजची गरज होती याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण उमरेड आणि सौंसरच्या माणसालाही वेगाने प्रवास करण्याचा तितकाच हक्क आहे; परंतु एखादे जाळे उखडले जात असताना त्याची नोंद ठेवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न या रूपांतराने उभा केला, आणि संग्राहकांच्या संघटनेचा विषय खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होतो.

चौथे रूळमाप नवे आहे. नागपूर मेट्रो १४३५ मिलिमीटरच्या, म्हणजे ज्याला जगभर ‘स्टँडर्ड गेज’ म्हणतात त्या मापावर धावते, आणि जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली तिची ॲक्वा लाईन सीताबर्डीहून शंकरनगर चौक, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी धरमपेठ या वस्तीच्या कडेने पश्चिमेकडे जाते. इतवारी–मोतीबागच्या बाजूने छोटी लाईन होती, आणि पश्चिमेकडील धरमपेठेच्या बाजूने आता मेट्रो धावते. या दोन्हींचा लघुरेल्वेच्या मापांशी असलेला संबंध थोड्या गणिताने उलगडतो.

खेळण्यातल्या गाड्यांना ठरावीक रूळमाप देण्याची कल्पना जर्मनीतील ग्यॉपिंगेन येथील मेर्कलिन या कंपनीची. १८५९ मध्ये बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली आणि तिच्या रुळांची मापे क्रमांकांनी निश्चित केली. तोवर प्रत्येक कारागिराची गाडी फक्त त्याच्याच रुळांवर चाले. माप ठरल्यावर आज घेतलेला डबा पाच वर्षांनी घेतलेल्या इंजिनाला जोडता येऊ लागला, आणि ‘संग्रह’ करण्याजोगी वस्तू खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आली. पुढे ३२ मिलिमीटरचे ‘ओ’ माप रुळले आणि त्याच्या साधारण निम्मे म्हणून १६.५ मिलिमीटरचे ‘एचओ’ माप आले. एचओचे प्रमाण ८७ ला १ असे आहे, म्हणजे खऱ्या गाडीतील ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत एक मिलिमीटर होतात. १६.५ ला ८७ ने गुणले की १४३५.५ येतात, आणि धरमपेठेच्या कडेने धावणाऱ्या मेट्रोचे रूळ जवळजवळ तेवढेच आहेत. याउलट भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून अधिक होतात. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन ठेवले, तर त्याचा सांगाडा प्रमाणात असला तरी त्याखालचे रूळ सुमारे १४ टक्के अरुंद राहतात, आणि जाणकाराच्या नजरेतून हे वैगुण्य सुटत नाही. छोट्या लाईनीचे मात्र तसे नाही. ७६२ ला ८७ ने भागले असता जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ‘एन’ नावाच्या दुसऱ्या एका लोकप्रिय मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ जगभर तयार मिळतात; तीन टक्क्यांहून कमी फरकाने ते सातपुड्याच्या गाडीला चालतात.

ही जुळणी केवळ योगायोगाची असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे, कारण यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’, पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाईट रेल्वे या सगळ्या ७६२ मिलिमीटरच्याच होत्या. माथेरानची ६१० मिलिमीटरची गाडी सोडली, तर महाराष्ट्रातील अरुंद रुळांचा बहुतेक इतिहास या एकाच मापावर उभा करता येतो.

संग्राहकांच्या संघटनेची गरजही अशा ठरलेल्या मापांतूनच निर्माण झाली. लंडनचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० मध्ये स्थापन झाला, आणि हा छंद जोपासणारी ती जगातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. अमेरिकेत १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यार्डली येथे ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ उभी राहिली, आणि तिने काम विभागून प्रादेशिक शाखांकडे सोपवले. या संस्थेचे मोलाचे कार्य म्हणजे तिने जुन्या खेळण्यांच्या स्थितीची प्रतवारी ठरवून दिली: रंग किती उडाला आहे, सुटे भाग मूळचे आहेत की बदललेले, डबी सोबत आहे की नाही यांवरून वस्तूला श्रेणी मिळू लागली आणि खरेदी-विक्रीतील फसवणुकीला आळा बसला. प्रादेशिक शाखेचे नेहमीचे काम बाहेरून साधे दिसते, परंतु ते चिकाटीचे असते. ठरावीक काळाने मेळावा भरवणे, सभासदांच्या वस्तूंची यादी ठेवणे, नव्या सभासदाला सांधे व विजेची जोडणी शिकवणे, आणि एखाद्या सभासदाच्या निधनानंतर त्याचा संग्रह भंगारात जाण्याआधी कुटुंबाला त्याचे मोल समजावून सांगणे, ही कामे कोणीतरी वर्षानुवर्षे अंगावर घेतल्याशिवाय होत नाहीत. यांतील शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल.

भारतात अशा संघटना उशिरा आणि विरळ निर्माण झाल्या, याचे मुख्य कारण आर्थिक होते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि ते २००१ मध्ये पूर्णपणे उठले. तोवर चांगली लघुरेल्वे म्हणजे परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाने सामानातून आणलेली वस्तू असे. अशा परिस्थितीत पुण्याचे उद्योजक भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या व स्वतः बनवलेल्या सामग्रीतून कोथरूड येथे १ एप्रिल १९९८ रोजी लघुरेल्वेचे संग्रहालय सुरू केले, ही मराठी मुलखातील या छंदाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. तेथील लेआउट, म्हणजे रूळ, स्थानके, डोंगर, रस्ते व सिग्नल यांची कायमस्वरूपी मांडणी, एचओ प्रमाणातील असून एका संपूर्ण शहराचे जीवन तीत चालताना दिसते. एका माणसाच्या ध्यासाने आणि त्याच्या कुटुंबाच्या निष्ठेने एवढे काम उभे राहिले हे गौरवास्पद आहे; तथापि प्रत्येक संग्राहकाला असे कुटुंब लाभेलच असे नाही, आणि म्हणूनच संस्थेचा आधार लागतो.

नागपुरात जतनाची वाट वेगळी पडली. येथे पुढाकार रेल्वे प्रशासनाने घेतला, आणि कामठी रोडवर कडबी चौकाजवळ डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले गेले, म्हणजे छिंदवाड्याची गाडी बंद पडण्याच्या तेरा वर्षे आधी. छोट्या लाईनीची इंजिने, डबे, सिग्नलची उपकरणे आणि बंगाल–नागपूर रेल्वेच्या वस्तू तेथे जपल्या आहेत, आणि मुलांना बसवून फिरवणारी छोटी गाडीही आहे. धरमपेठेपासून जवळच, सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातील ‘वनबाला’ या गाडीने पश्चिम नागपुरातील मुलांच्या मनात रुळांची ओढ रुजवली. ब्रिटनमध्ये मात्र पुढाकार लोकांकडून आला: वेल्समधील टॅलिथ्लिन ही अरुंद रुळांची रेल्वे बंद पडू लागली, तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांच्या संस्थेने ती चालवायला घेतली, आणि जगातील रेल्वे-जतनाच्या चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो. सरकारी संग्रहालय लोखंड उत्तम रीतीने जपते, पण माणसांच्या हातातून गेलेल्या लहान वस्तू आणि त्यांच्याशी जोडलेली माहिती जपायला माणसांचीच संस्था हवी, असा निष्कर्ष या दोन उदाहरणांतून निघतो.

अशा संस्थेला विदर्भात आरंभ करण्यासाठी फार भांडवल लागणार नाही. परदेशी क्लबांमध्ये रुळलेली ‘मॉड्यूल’ची पद्धत येथे सहज लागू पडेल. तीत प्रत्येक सभासद ठरावीक लांबी-रुंदीच्या एका फळीवर आपल्या पसंतीचे दृश्य उभारतो, रूळ मात्र फळीच्या दोन्ही टोकांना नेमून दिलेल्या जागीच संपवतो, आणि मेळाव्याच्या दिवशी साऱ्या फळ्या एकमेकींना जोडून गाडी सलग धावते. एकाने सावनेरचे स्थानक करावे, दुसऱ्याने रामाकोन्यापुढचा घाट, तिसऱ्याने भिवापूरचा मिरचीच्या पोत्यांनी भरलेला फलाट. मापाचा करार पाळला, तर नऊ मिलिमीटरच्या रुळांवर इतवारी ते छिंदवाडा हा सारा मार्ग एका सभागृहात पुन्हा उभा राहू शकतो. यासाठी लागणारा खरा माल म्हणजे स्थानकांची जुनी छायाचित्रे, इमारतींची मापे, डब्यांचे रंग, वेळापत्रके आणि त्या मार्गावर काम केलेल्या गार्ड, सांधेवाले व ड्रायव्हर यांच्या आठवणी. आणि हा माल दरवर्षी कमी होत चालला आहे.

धरमपेठेतील, तसेच इतवारी, मोतीबाग, उमरेड आणि सौंसर येथील ज्या घरांत छोट्या लाईनीची पुठ्ठ्याची तिकिटे, फलाटावरची छायाचित्रे, कंदील, बिल्ले किंवा वडीलधाऱ्यांनी जपलेली किल्लीची गाडी असेल, त्यांनी ती वस्तू कोणाची, कोठली आणि कोणत्या सालची हे एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवावे, आणि घरातील ज्या माणसाने त्या गाडीवर नोकरी केली असेल त्याचे सांगणे यंदाच टिपून घ्यावे.