यंत्रवाद्यांची समाईक बोली

मैफिलीला प्रारंभ होण्यापूर्वीं तंबोरे जुळविले जातात. त्या षड्जाला तबलजी आपला तबला मिळवून घेतो, सारंगिया आपल्या तारा त्याच सुरांत आणतो, आणि गवयानें ‘सा’ लावतांच सर्व वाद्यें एका घरचीं होतात. हा मेळ जमविण्यासाठीं एका वाद्याला दुसऱ्या वाद्याशीं बांधावें लागत नाहीं. वाजविणाऱ्याचा कान हाच त्यांच्यामधील दुवा असतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जीं विद्युत्-वाद्यें निघालीं, त्यांना कान नव्हते. त्यांना एकमेकांशीं बोलावयास कसें शिकवावें आणि पुढें संगणकाच्या हुकमांत कसें चालवावें, हा प्रश्न १९८३ सालीं सुटला. तो कसा सुटला याचा इतिहास जितका यंत्रविद्येचा आहे, तितकाच तो व्यवहारांतील शहाणपणाचाही आहे.

या वाद्यांना सिंथेसायझर असें म्हणतात. तार, कातडें किंवा फुंकर यांपैकीं कशाचाही आधार न घेतां विजेच्या कंपनांतून तें सूर घडवितें. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं अशा वाद्याची जी मांडणी केली, तींत सुराची उंची विजेच्या दाबानें ठरत असे. दाब एका व्होल्टनें वाढला, कीं सूर एका सप्तकानें चढे. पुष्कळ कारखान्यांनीं हेंच प्रमाण उचललें. परंतु जपानांतील कोर्ग आणि यामाहा यांनीं आपल्या कित्येक वाद्यांत निराळें प्रमाण ठेविलें. परिणाम असा झाला, कीं दोन घरचीं वाद्यें तारेनें जोडलीं तरी एकाचा षड्ज दुसऱ्याला कळेना. १९७८ नंतर वाद्यांच्या पोटांत लहानसा गणकयंत्राचा मेंदू बसूं लागला, तेव्हां हा गोंधळ मिटावयाचा तो उलट वाढला. प्रत्येक कारखान्यानें आपापल्या वाद्यांपुरती एक खासगी बोली निर्माण केली. रोलँडची एक, ओबरहाइमची दुसरी, यामाहाची तिसरी. आपलें गिऱ्हाईक आपल्याच दुकानाशीं बांधलेलें असावें, हा मोह दुकानदारीला नवा नाहीं. पण त्यामुळें वाजविणाऱ्याची स्थिति मात्र बिकट झाली. हजारों रुपये मोलाचें एक वाद्य घेतलें, तर पुढचें वाद्यही त्याच कारखान्याचें घ्यावें, नाहींतर दोन मुक्यांचा संसार मांडावा, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढें उरले.

या कोंडींतून वाट काढणाऱ्यांत दोन नांवें प्रमुख आहेत. पहिलें जपानचे इकुतारो काकेहाशी यांचें. यांचा जन्म १९३० सालीं ओसाका येथें झाला. घड्याळें आणि रेडिओ दुरुस्त करतां करतां ते वाद्यांच्या धंद्याकडे वळले आणि १९७२ सालीं त्यांनीं रोलँड ही कंपनी स्थापन केली. दुसरें नांव अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ यांचें. १९५० सालीं जन्मलेले हे गृहस्थ कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकले होते. त्यांच्या सीक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कारखान्यानें १९७८ सालीं प्रॉफेट-५ हें वाद्य बाहेर आणलें. एका वेळीं पांच सूर काढणारें आणि बसविलेले ४० नाद स्मरणांत ठेवणारें हें वाद्य पाहून जाणते लोक चकित झाले होते.

१९८१ च्या जूनमध्यें काकेहाशींनीं सर्व वाद्यांना समजेल अशा एका समाईक बोलीची गोष्ट प्रथम टॉम ओबरहाइम यांच्याजवळ काढली, आणि तेथून ती स्मिथ यांच्यापर्यंत पोहोंचली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनीं ध्वनियंत्रज्ञांच्या परिषदेपुढें एक निबंध ठेवून या बोलीचा कच्चा आराखडा मांडला. पुढच्या वर्षीं कारखानदारांच्या बैठका झाल्या. पण अमेरिकेंतील बहुतेकांचा उत्साह लौकरच मावळला. उरले ते स्मिथ, आणि रोलँड, यामाहा, कोर्ग व कावाई या चार जपानी कंपन्या. बाजारांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या या मंडळींनीं समुद्रापलीकडून पत्रव्यवहार करीत आराखडा पक्का केला. त्याला नांव मिळालें ‘मिडी’.

१९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम या शहरीं वाद्यविक्रेत्यांचें प्रदर्शन भरलें होतें. तेथें स्मिथ यांचें प्रॉफेट-६०० आणि रोलँडचें ज्युपिटर-६ हीं दोन वाद्यें एका साध्या दोरीनें जोडलीं गेलीं. एकाच्या पट्ट्यांवर बोटें फिरलीं आणि दुसरें वाजूं लागलें. एक अमेरिकेंत घडलेलें, दुसरें जपानांत. दोघांचे मालक वेगळे. पण त्या दिवशीं त्यांची भाषा एक झाली. ऑगस्टमध्यें या बोलीचें व्याकरण छापून प्रसिद्ध झालें. तें वापरण्याबद्दल कोणाहीकडून एक पैशाचा हक्क घ्यावयाचा नाहीं, असें ठरलें. या इतिहासांतील सर्वांत मोठी गोष्ट हीच होय.

या बोलीची रचना काटकसरीची आहे. तिच्या तारेंतून आवाज जात नाहीं. जातो तो केवळ हुकूम. अमुक पट्टी दाबली, ती अमुक जोरानें दाबली, ती आतां सोडली, एवढेंच वर्तमान जातें. हा निरोप तीन बाइटांचा असतो. पहिल्यांत काय करावयाचें तें आणि सोळा वाहिन्यांपैकीं कोणत्या वाहिनीवर तें. दुसऱ्यांत सुराचा क्रमांक. तिसऱ्यांत आघाताचा जोर. क्रमांक आणि जोर हे दोन्ही ० ते १२७ या मर्यादेंत बसविलेले असून पियानोचा मध्य सप्तकारंभींचा सूर ६० या क्रमांकाचा मानला आहे. दर सेकंदाला ३१,२५० बिट या वेगानें असा एक निरोप पोहोंचावयास सेकंदाचा सुमारें एक हजारावा भाग लागतो. ग्रहण करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं हा निरोप क्षणभर विजेचा उजेड होतो आणि पलीकडे पुन्हा वीज होतो. त्यामुळें दोन यंत्रांची वीज एकमेकींना शिवत नाहीं, आणि नको ती गुणगुण आवाजांत मिसळत नाहीं. सारा खर्च पांच खुंट्यांच्या एका स्वस्त जोडाचा आणि थोड्याशा सुट्या भागांचा. गरिबांतल्या गरीब कारखान्यालाही तो परवडावा, हा त्यांतील हेतु होता.

वाद्य वाद्याशीं बोलूं लागल्यावर संगणकाला त्या संभाषणांत शिरावयास फारसा वेळ लागला नाहीं. १९८५ सालीं निघालेल्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला तर मिडीचीं दोन द्वारें कारखान्यांतच बसविलेलीं होतीं, एक येणाऱ्या निरोपांसाठीं व दुसरें जाणाऱ्या निरोपांसाठीं. आतां उणीव होती ती संगणकाला काय करावयाचें हें सांगणाऱ्या आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरची. तीही लौकरच भरून निघाली. जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें अटारीसाठीं १९८६ सालीं प्रो-२४ आणि १९८९ सालीं क्यूबेस या आज्ञावली काढल्या.

अशा आज्ञावलीची खरी गरज कां पडली, हें यामाहाच्या डीएक्स-७ या वाद्यावरून चांगलें समजतें. १९८३ सालीं निघालेलें हें वाद्य अतिशय गाजलें. पण त्याच्या अंगावर पूर्वीच्या वाद्यांसारख्या फिरवावयाच्या कळा नव्हत्या. चपट्या बटनांच्या रांगा, एक सरकती दांडी आणि प्रत्येकीं सोळा अक्षरांच्या दोन ओळींची एक इवलीशी खिडकी. एका नादाचें संपूर्ण वर्णन, त्याच्या नांवाचीं दहा अक्षरें धरून, १५५ बाइटांचें होतें. तें सारें त्या खिडकींतून एक एक आंकडा पाहून बदलावयाचें म्हणजे दाराच्या फटींतून घर झाडण्यासारखेंच होतें. संगणकाच्या पडद्यावर तोच नाद आलेखरूपानें एका दृष्टिक्षेपांत दिसूं लागला, आणि बोटाच्या हालचालीनें आलेख बदलला कीं वाद्यांतील नादही बदलूं लागला.

ही आज्ञावली संगणकावर चढविण्याचा विधि त्या काळीं ठराविक होता. विकत घेतलेली फ्लॉपी तबकडी यंत्रांत घालावयाची. कित्येक आज्ञावलींबरोबर एक छोटें कुलूपयंत्र मिळे, तें संगणकाच्या कुशींत खोंचावयाचें, नाहींतर आज्ञावली उघडत नसे. मग दोन दोऱ्या उलटसुलट जोडावयाच्या, म्हणजे वाद्याचें जावक द्वार संगणकाच्या आवक द्वाराला आणि संगणकाचें जावक वाद्याच्या आवकाला. नवशिका माणूस येथेंच चुकत असे. नांवें सारखीं पाहून तो जावकाला जावक जोडी, आणि दोन्ही यंत्रें बोलत असतांना ऐकणारें कोणीच नसे. त्यानंतर दोहींकडे वाहिनीचा क्रमांक एकच ठेवावयाचा, आणि वाद्याच्या स्मरणावरील पहारा उठवावयाचा. डीएक्स-७ मध्यें असा पहारा असे. तो असेपर्यंत संगणकानें धाडलेला नवा नाद वाद्य आपल्या स्मरणांत घेत नसे. एवढें झाल्यावर वाद्यांतील ३२ नादांची संपूर्ण पोथी, म्हणजे ४,०९६ बाइट, मिडीच्या वेगानें सुमारें सव्वा सेकंदांत संगणकाच्या हवालीं होऊं शके. प्रत्येक कारखान्याला एक ओळखक्रमांक दिलेला होता. सीक्वेन्शियलचा १, रोलँडचा ६५, यामाहाचा ६७. या क्रमांकामागून येणारा मजकूर त्या कारखान्याच्या यंत्रांनीं ऐकावा आणि इतरांनीं कानाआड करावा, असा दंडक होता. समाईक बोलीच्या घरांत प्रत्येकाला अशी एक खासगी खोलीही ठेवलेली होती, आणि म्हणूनच सर्वजण त्या घरांत नांदूं शकले.

ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या यंत्रांपर्यंतही ही सत्ता पोहोंचली. अनेक ध्वनिग्राहकांचे आवाज योग्य प्रमाणांत मिसळणारें जें मिश्रणयंत्र असतें, त्याच्या सरकत्या दांड्या संगणकानें आपोआप हलवाव्या, ही सोय इंग्लंडांतील नीव्ह कंपनीनें १९७७ सालींच केली होती. परंतु ती मोठ्या भांडवलाच्या संस्थांनाच साधणारी होती. १९८७ सालीं यामाहानें डीएमपी-७ हें आठ वाहिन्यांचें छोटें मिश्रणयंत्र काढलें. त्याच्या दांड्या मिडीच्या हुकमानें आपोआप सरकत. मुद्रणयंत्रें चालू-बंद करण्याचे आणि रंगभूमीवरील दिवे व आवाज यांना इशारे देण्याचे नियमही १९९१-९२ मध्यें याच बोलींत बांधले गेले. १९९९ सालीं ही बोली यूएसबीच्या दोरींतून नेण्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते पाळणारीं यंत्रें जोडतांना निराळी सहायक आज्ञावली चढविण्याचा खटाटोप बहुधा करावा लागत नाहीं.

या बोलींत उणीवा नव्हत्या असें नाहीं. ती मुळांत पट्ट्यांच्या वाद्यांसाठीं रचलेली. सप्तकाचे बारा सूर तिला एक एक क्रमांकानें सांगतां येतात. पण दोन सुरांमधील मींड दाखवावयाची झाल्यास त्या वाहिनीवरील सर्वच सूर एकदम वाकवावे लागतात. भारतीय श्रोत्याला हें दुखणें परिचयाचें आहे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं बाजाच्या पेटीला मनाई केली, तेव्हांही श्रुति आणि मींड पेटीच्या पट्ट्यांत सांपडत नाहींत, हाच आक्षेप होता. मिडीपुरता त्यावर पुढें उपाय निघाला. प्रत्येक सुराला स्वतंत्र वाहिनी देण्याची पद्धति २०१८ सालीं मान्य झाली. आणि २०२० सालीं आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तींत प्रत्येक सूर स्वतंत्रपणें वाकवितां येतो. आघाताच्या पायऱ्याही तींत १२८ च्या जागीं ६५,५३६ झाल्या. तरीसुद्धां जुनी बोली रद्द झाली नाहीं. नवी आवृत्ति तिला सामावूनच उभी राहिली आहे.

आतां उरतो तो ज्यांनीं ही बोली दिली त्यांचा हिशोब. स्मिथ यांचा कारखाना १९८७ सालीं बंद पडला आणि त्याचें नांव व मालमत्ता यामाहाकडे गेली. बोली फुकट दिल्यामुळें तो बुडाला असें म्हणतां येणार नाहीं. पण ती दिल्यामुळें तो तरलाही नाहीं. जगांतील सारे वाद्यकारखाने ज्या बोलींत बोलूं लागले, तिच्या एका जनकाला आपल्या वाद्यांवर आपल्या कारखान्याचें नांव घालण्याचाही अधिकार उरला नाहीं. त्यांनीं कडवटपणा धरला नाहीं. दुसऱ्यांच्या पदरीं काम केलें, आणि २००२ सालीं स्वतःच्या नांवानें पुन्हा लहानसा कारखाना काढला. २०१३ सालीं काकेहाशी आणि स्मिथ यांना मिडीबद्दल ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार विभागून मिळाला. त्यानंतर काकेहाशींनीं यामाहाजवळ रदबदली केली, आणि २०१५ सालीं सीक्वेन्शियल हें नांव यामाहानें स्मिथ यांना परत केलें. एका प्रतिस्पर्ध्यासाठीं दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यानें तिसऱ्याजवळ शब्द टाकावा, आणि तो मानला जावा, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासांत नेहमींची नव्हे. काकेहाशी २०१७ सालीं आणि स्मिथ २०२२ सालीं निवर्तले.

अटारीच्या फ्लॉपी तबकड्यांतील पुष्कळशा आतां वाचतां येत नाहींत. त्या आज्ञावलींचीं कुलूपयंत्रें हरवलीं, आणि कित्येक काढणाऱ्या कंपन्याही उरल्या नाहींत. परंतु १९८३ सालचें डीएक्स-७ आजच्या संगणकाला एका साध्या दोरीनें जोडलें, तर तें पूर्वीप्रमाणेंच हुकूम ऐकतें आणि आपल्या नादांची पोथी हवालीं करतें. ज्या वस्तु कुलपांत ठेवल्या होत्या, त्या कुलपाबरोबर गेल्या. जी वस्तु उघड्यावर सर्वांसाठीं ठेविली होती, ती चाळीस वर्षें टिकून राहिली आहे.