साखळी की रांग? क्रमाच्या एका कोड्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ वर्णमालेत ‘ध’च्या लगेच आधी कोणते अक्षर येते? बहुतेकांना ‘त, थ, द’ असे मनातल्या मनात म्हणून पाहावे लागते. आता दुसरा प्रश्न : ‘च’ आधी येतो की ‘भ’? येथे कोणी वर्णमाला म्हणत बसत नाही, उत्तर तत्काळ येते. वर्णमाला तीच, पाठांतरही तेच. मग एका उत्तरासाठी साखळी ओढावी लागते आणि दुसऱ्यासाठी लागत नाही, असे का? या लहानशा विसंगतीमागे मानसशास्त्रातील एक दीर्घ वाद आहे. आजचा थ्रेड त्या वादाविषयी.

२/ प्रारंभ जर्मनीत होतो. हेर्मान एबिंगहाउस या तरुण विद्वानाने स्मृती मोजण्याचे ठरवले. तोवर स्मृतीविषयी तत्त्वज्ञ भरपूर लिहीत आले होते. ती मोजता येईल असे फारसे कोणी मानत नव्हते. अर्थपूर्ण शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या तो मिनिटाला १५० ठोक्यांच्या एकसुरी लयीत वाचून पाठ करी. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग होई तोही तोच. १८८५ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

३/ विस्मरणाच्या वक्ररेषेमुळे हा ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. त्यातील क्रमाविषयीचे प्रकरण मात्र क्वचितच वाचले जाते, आणि माझ्या मते खरी करामत तेथेच आहे. त्याने १६ अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच याद्या मोडून नव्या बनवल्या. एकेक गट वगळून १, ३, ५, ७... असा क्रम लावला, मग दोन-दोन, तीन-तीन आणि सात-सात वगळून. युक्तिवाद सरळ होता. मनात केवळ शेजाऱ्या-शेजाऱ्यांची गाठ पडलेली असेल, तर मोडलेली यादी पूर्णपणे नवी वाटली पाहिजे.

४/ तसे झाले नाही. मूळ यादी पुन्हा पाठ करताना सुमारे ३३ टक्के श्रम वाचले. एक गट वगळलेल्या यादीत ११ टक्के, दोन वगळल्यास ७, तीन वगळल्यास ६ आणि सात वगळल्यास ३ टक्के. बचत झपाट्याने घटली, पण शून्यावर आली नाही. एबिंगहाउसचा निष्कर्ष असा की प्रत्येक घटक पुढच्या सर्व घटकांशी जोडला जातो, शेजाऱ्याशी घट्ट आणि दूरच्यांशी सैल. साखळीची कल्पना त्याने सोडली नाही. तिला दूरवर जाणारे बारीक धागे मात्र जोडले.

५/ जाता जाता एक उल्लेख. शेजाऱ्यांची गाठ बांधून क्रम राखण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपठणाच्या क्रमपाठात पदे १-२, २-३, ३-४ अशी जोडीने म्हटली जातात. जटापाठात १-२, २-१, १-२ आणि घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी गुंफण असते. एखादे पद निसटले की जोडी अडखळते आणि चूक तेथल्या तेथे पकडली जाते. हा मजकूर जतन करण्याचा उपाय होता, मनाविषयीचा सिद्धान्त नव्हे. तरी साखळी घट्ट करायची म्हणजे काय करायचे, हे त्या पाठकांना पक्के ठाऊक होते.

६/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील वर्तनवाद्यांनी साखळीला सार्वभौम नियमाचे रूप दिले. एका हालचालीची संवेदना पुढच्या हालचालीला जागे करते आणि ती तिच्या पुढचीला. चालणे, बोलणे, वाद्य वाजवणे, सारे असेच घडते असे ते मानत. मन नावाचे काही मध्ये आणण्याची गरजच उरत नव्हती.

७/ सप्टेंबर १९४८. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे हिक्सन परिसंवाद भरला होता. वक्त्यांमध्ये गणिती जॉन फॉन नॉयमन होता आणि उंदरांच्या मेंदूत स्मृतीचे ठिकाण शोधण्यात कित्येक वर्षे घालवलेला कार्ल लॅशलीही होता. लॅशलीने वर्तनातील क्रमाचा प्रश्न मांडला आणि साखळीवर थेट प्रहार केला. त्याचे म्हणणे असे की वादकाची बोटे सेकंदाला १६ आघातांपर्यंत पोहोचतात. एका आघाताची संवेदना मेंदूपर्यंत जाऊन पुढच्या आघाताचा हुकूम परत येण्याइतका अवकाशच मध्ये नसतो. द्रुत लयीतला तबला ऐकलेल्या कोणालाही हे पटावे.

८/ त्याचा दुसरा पुरावा चुकांचा होता. आपण घाईत ‘कांदेपोहे’ऐवजी ‘पांदेकोहे’ म्हणून जातो. त्यातला ‘प’ नंतर यायचा होता. तो आधीच येऊन बसला. म्हणजे पहिले अक्षर उच्चारण्यापूर्वीच पुढचे अक्षर तयारीत उभे होते. साखळीत असे घडूच शकत नाही, कारण तेथे पुढची कडी मागची ओढल्यावरच हलते. ऐकणाऱ्याचेही तसेच. ‘राजाने कर...’ येथवर ऐकून अर्थ लागत नाही. ‘लादले’ की ‘जोडले’ हे कळल्यावर मागचा शब्द ठरतो. लॅशलीने यासाठी इंग्रजीतला असाच फसवा उच्चार योजला होता आणि वाक्याच्या अखेरीस श्रोत्यांना आपला समज बदलायला लावला होता. १९५१ साली हे व्याख्यान छापले गेले. काही वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे मात्र ते वर्तनवादाच्या उताराची खूण मानले गेले.

९/ दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये झाँ पियाजे क्रमाचा वेगळा पैलू तपासत होता, तो म्हणजे अनुमान. अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा. तर अ आणि क यांत मोठा कोण? सात-आठ वर्षांखालील मुलांपाशी हे तर्कशास्त्र नसते, असा त्याचा निर्णय होता. हा निर्णय शिक्षणशास्त्रातही मुरला. लहान मुलाला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे त्यावरून ठरू लागले.

१०/ १९७१ साली पीटर ब्रायंट आणि टॉम ट्रॅबासो यांनी विचारले : मुलांना तर्क जमत नाही, की आधी सांगितलेले लक्षात राहत नाही? त्यांनी पाच रंगीत दांड्या घेतल्या आणि चार वर्षांच्या मुलांकडून फक्त शेजारच्या जोड्या पक्क्या करून घेतल्या. पाचच का? पहिली दांडी नेहमीच मोठी ठरते आणि पाचवी नेहमीच लहान, त्यामुळे त्यांच्याविषयीचे उत्तर घोकूनही देता येते. दुसरी आणि चौथी मात्र कधी मोठ्या ठरतात, कधी लहान, आणि त्या दोघी समोरासमोर कधीच आलेल्या नसतात. खरी कसोटी त्याच जोडीची. मुले तीत उत्तीर्ण झाली.

११/ कसोटीला शब्द फारसे लागत नाहीत हे दिसताच ती प्राण्यांपर्यंत जाणे अटळ होते. १९७७ साली एडिंबरोच्या ब्रेंडन मॅकगॉनिगल आणि मार्गारेट चाल्मर्स यांनी तीच रचना दक्षिण अमेरिकी स्क्विरल माकडांपुढे ठेवली. दुसऱ्या-चौथ्याची जोडी त्यांनाही जमली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता : माकडे तर्कनिष्ठ असतात काय?

१२/ आता न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठातील हर्बर्ट टेरेस याने १९७३ साली जन्मलेल्या निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवायला घेतली. वानर वाक्य रचू शकतो हे त्याला सिद्ध करायचे होते. चित्रफिती बारकाईने पाहताना त्याला दिसले की निम बहुतांशी शिक्षकांच्या नुकत्याच केलेल्या खुणांचीच पुनरावृत्ती करतो. १९७९ साली टेरेसने हे जाहीरपणे मांडले. स्वतःच्या आशेविरुद्ध पुरावा छापणारे संशोधक थोडेच असतात. त्याला पडलेला पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो : भाषा बाजूला ठेवली, तर प्राण्याला क्रम तरी कळतो का?

१३/ पद्धत अशी. समोर चार रंग एकाच वेळी दिसतात, दर खेपेस वेगळ्या जागी, आणि ते ठरलेल्या क्रमानेच दाबायचे. बँकेच्या ॲपमध्ये दरवेळी आकड्यांच्या जागा बदलणारा कीपॅड असतो, तसेच. येथे हाताची सवय कामाला येत नाही; आपण क्रमात कोठवर आलो, हे मनातच धरावे लागते. कबुतरे हे शिकली. मग पूर्ण यादीऐवजी दोनच रंग दाखवले गेले. जोडीत पहिला किंवा शेवटचा रंग असला की कबुतरे अचूक होती. मधल्या दोघांची जोडी आली की निव्वळ अंदाज!

१४/ १९८८ साली डी’अमाटो आणि कोलंबो यांनी कॅपुचिन माकडांना पाच घटकांची यादी शिकवली. त्यांना मधल्या जोड्याही जमल्या. शिवाय जोडीतला आधीचा घटक यादीत जितका पुढे, तितका पहिला स्पर्श उशिरा होई. कबुतरांत असा उशीर दिसला नव्हता. बाहेरून पाहता दोघांचे काम एकच होते, यादी क्रमाने दाबण्याचे. आत मात्र माकडापाशी सबंध रांग होती आणि कबुतरापाशी टोके.

१५/ १९९७ साली चेन, श्वार्ट्झ आणि टेरेस यांनी एबिंगहाउसची यादी मोडण्याची युक्ती पुन्हा बाहेर काढली. ऱ्हीसस माकडांना चार-चार चित्रांच्या चार याद्या येत होत्या. प्रत्येक यादीतून एकेक चित्र घेऊन नव्या याद्या बनवल्या गेल्या, त्यामुळे जुना एकही शेजार उरला नाही. काही याद्यांत चित्राचे मूळ स्थान राखले होते : दुसरे ते दुसरेच, तिसरे ते तिसरेच. काहींत स्थानही बदलले. साखळी खरी असेल तर दोन्ही प्रकार सारखेच कठीण पडायला हवेत. प्रत्यक्षात स्थान राखलेल्या याद्या माकडांनी जवळजवळ विनाचूक उचलल्या आणि स्थान बदललेल्यांत ती अडखळली. चित्राला शेजाऱ्यापेक्षा आपल्या क्रमांकाची ओळख अधिक होती.

१६/ २००३ साली टेरेसच्या माकडांनी सात चित्रांच्या चार याद्या शिकल्याचे प्रसिद्ध झाले. सात चित्रे ५०४० प्रकारे मांडता येतात, तेव्हा नशिबाचा प्रश्नच नाही. वेगवेगळ्या याद्यांतील दोन चित्रे समोर आली, तरी माकडे आधीच्या स्थानाचे चित्र निवडत, आणि स्थानांतील अंतर जितके अधिक तितकी निवड अचूक. ‘च’ आणि ‘भ’ यांचे उत्तर आपल्याला चटकन सुचते, तेही याच अंतरामुळे.

१७/ येथे एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे, कारण तो पोकळ नाही. कबुतरांनाही पुढे दुसऱ्या-चौथ्याची कसोटी जमली. तेव्हा १९९१ साली फॉन फेर्सन आणि सहकाऱ्यांनी सुचवले की येथे अनुमान नसेलही. पहिल्याला नेहमी बक्षीस मिळते. त्याच्या सहवासाने दुसराही मोलाचा वाटतो. पाचव्याला कधीच मिळत नाही. त्याच्या सहवासाने चौथा उतरतो. तर्क न करताही उत्तर बरोबर येते.

१८/ १९९६ साली ट्राइक्लर आणि व्हॅन टिलबर्ग यांनी या आक्षेपाची परीक्षा घेतली. माकडांना पाच घटकांच्या दोन स्वतंत्र याद्या शिकवल्या आणि मग एकच नवी जोडी : पहिल्या यादीतला अखेरचा घटक दुसरीतल्या पहिल्याच्या आधी येतो. एवढ्यावरून माकडांनी दहांची एक रांग जुळवली. पहिल्या यादीतला चौथा घटक दुसरीतल्या दुसऱ्याच्या आधी येतो, हेही त्यांनी ओळखले. केवळ सहवासाने मोल ठरत असते, तर येथे उत्तर उलटे यायला हवे होते.

१९/ क्रमाचे अनुमान केवळ माकडांपुरते उरलेले नाही. २००७ साली स्टॅनफर्डमध्ये नर सिक्लिड माशांनी इतर नरांच्या झुंजी फक्त पाहून, समोरासमोर कधीच न लढलेल्या दोघांतला दुबळा ओळखला. कीटकांत चित्र दुभंगलेले आहे. २००४ साली मधमाश्या दुसऱ्या-चौथ्याच्या कसोटीत अनुत्तीर्ण झाल्या होत्या. २०१९ साली कागदी घरटी बांधणाऱ्या गांधीलमाश्या उत्तीर्ण झाल्या. मेंदू दोघींचाही इवलासाच. फरक कदाचित वसतीत असावा, असे संशोधकांचे मत आहे. मधमाश्यांच्या पोळ्यात एकच राणी असते. या गांधीलमाश्यांच्या घरट्यात मात्र अनेक माद्या आपापसांत झुंजून उतरंड ठरवतात, आणि तेथे कोण कोणाच्या वर, हे प्रत्येकीला ठाऊक असावे लागते.