ट्रेन लुटणारे अजून जिवंत होते

१९०३ साली 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' नावाचा एक मूकपट आला. लांबी जेमतेम बारा मिनिटं. दरोडेखोर ट्रेन थांबवतात, प्रवाशांना खाली उतरवून लुटतात, घोड्यांवरून पळतात आणि शेवटी मारले जातात. अखेरच्या दृश्यात त्यांचा म्होरक्या सरळ कॅमेऱ्याकडे बघत पिस्तूल झाडतो. वेस्टर्न सिनेमाची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. गंमत म्हणजे तो शूट झाला अमेरिकेच्या पूर्वेला, न्यू जर्सीत. आणि खरोखरच्या ट्रेन लुटून प्रसिद्ध झालेले बुच कॅसिडी आणि सनडान्स किड तेव्हा अर्जेंटिनात खोट्या नावांनी गुरं पाळत होते.

म्हणजे दरोडेखोर जिवंत आणि त्यांच्या धंद्याची दंतकथा मात्र पडद्यावर चालू. आपल्याकडे दंतकथा व्हायला माणसाला निदान शे-दोनशे वर्षं तरी वाट बघावी लागते.

मी वेस्टर्न बघायला लागलो ते इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, या हार्ड डिस्कवरून त्या हार्ड डिस्कवर फिरणाऱ्या एका फोल्डरमधून. आता नोकरीला लागून काही वर्षं झाली, तरी शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटल्यावर पुन्हा तिथेच जातो. घोड्यावर मी कधी बसलेलो नाही, बंदूक हातात धरलेली नाही. माझ्या कामात कोडची एक ओळ बदलायची तरी दोघांची मंजुरी लागते. मग एकटाच येऊन सगळं निस्तरून जाणारा माणूस आवडणारच, असं कुणी म्हणेल. पण तेवढं एकच कारण असतं तर दोन-तीन सिनेमांत कंटाळा आला असता. म्हणून मी त्यामागचा इतिहास वाचायला घेतला.

वीस वर्षांचा धंदा

आधी काउबॉय. १८६५ साली अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससमध्ये लाखो गुरं मोकाट फिरत होती. तिथे चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेच्या बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जायचं. पण तिथवर रेल्वे नव्हती. म्हणून हजार-दोन हजार गुरांचा कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससमधल्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचा. हे काम करणारा पगारी गुराखी म्हणजे काउबॉय. दिवसभर धूळ खायची आणि रात्री पाळीपाळीने कळपावर पहारा द्यायचा. पिस्तुलापेक्षा दोराशी त्याचा संबंध जास्त.

मग १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळ्या माळावर कुंपणं पडू लागली. रेल्वे टेक्ससपर्यंत पोचली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर गुरं बर्फात गाडली जाऊन मेली आणि खेळ आटोपला. सगळा मिळून वीसेक वर्षांचा धंदा! आपल्याकडची आयटी याहून जुनी आहे.

हे गुराखी दिसायलाही जॉन वेनसारखे नव्हते. रँच, लॅसो, रोडिओ हे शब्दच मुळात स्पॅनिश आहेत, कारण हे काम मेक्सिकन गुराख्यांकडून शिकलेलं. इतिहासकारांच्या एका नेहमीच्या अंदाजानुसार चार काउबॉयमधला एक कृष्णवर्णीय होता. अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. सिनेमाने त्यांना पन्नासेक वर्षं जवळपास फ्रेमबाहेरच ठेवलं.

खऱ्या माणसांचा खोटा खेळ

हे फिल्टर लावण्याचं काम सिनेमाच्याही आधी सुरू झालं होतं. १८८३ मध्ये बफेलो बिल कोडीने 'वाइल्ड वेस्ट' नावाचा भव्य खेळ काढला. घोडे, गोळीबार, घोडागाडीवर हल्ला, सगळं मैदानात. १८८५ च्या दौऱ्यात या खेळात लकोटांचा नेता सिटिंग बुल स्वतः होता. नऊ वर्षांपूर्वी लिटल बिगहॉर्नला ज्यांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला, त्यांचा हा नेता.

डिसेंबर १८९० मध्ये सिटिंग बुलला अटक करताना मारलं गेलं आणि दोनच आठवड्यांनी वूंडेड नी इथे सैन्याने किमान दीडशे लकोटांना ठार केलं. त्यात बायका-मुलंही होती. त्यानंतर कैदेत टाकलेल्यांपैकी काही जणांना सरकारने बफेलो बिलच्या ताब्यात दिलं आणि १८९१ मध्ये ते युरोपात त्याच्या खेळात काम करू लागले. आपल्याच पराभवाचा रोजचा प्रयोग.

१८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने एक निबंध वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की १८९० च्या जनगणनेनुसार वस्तीची सरहद्द आता उरलेली नाही आणि अमेरिकेचा स्वभाव जिने घडवला तो काळ संपला आहे. त्याच सुमारास प्रदर्शनाच्या कुंपणाला लागून बफेलो बिलचा तंबू हाउसफुल्ल चालला होता. एक जण 'संपलं' म्हणतोय आणि शेजारी त्याच गोष्टीची तिकिटं विकली जात आहेत.

पुढे सिनेमाने हेच केलं. १९०८ मध्ये ओक्लाहोमात 'द बँक रॉबरी' नावाचा छोटा सिनेमा बनला. दिग्दर्शक बिल टिल्गमन हा खराखुरा मार्शल. दरोडेखोराच्या भूमिकेत अल जेनिंग्ज, खराखुरा, तुरुंग भोगून आलेला दरोडेखोर. आणि त्यात दिसतो कोमांची नेता क्वाना पार्करसुद्धा.

ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली ओके कोरलची चकमक तर पुन्हा पुन्हा पडद्यावर आली. खरी चकमक जेमतेम अर्धा मिनिट चालली आणि तीन माणसं मेली. तात्कालिक निमित्त होतं गावात शस्त्र घेऊन हिंडायला बंदी करणारा स्थानिक नियम. हो, 'वाइल्ड वेस्ट'मधल्या गावात बंदूकबंदी होती! तिथला वायट अर्प पुढे लॉस एंजेलिसमध्ये राहायला आला, हॉलिवूडमध्ये ऊठबस करू लागला आणि १९२९ मध्ये वारला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे दोन वेस्टर्न स्टार होते. जॉन फोर्ड सांगायचा, की चकमक कशी झाली ते मला अर्पने स्वतः सांगितलं. आणि त्याच फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (१९४६) डॉक हॉलिडे चकमकीत मरतो. खरा हॉलिडे सहा वर्षांनी क्षयाने गेला.

गावात कुणीच नाही

एवढं खोटं असूनही हे सिनेमे का धरून ठेवतात? माझं उत्तर असं: वेस्टर्न नेहमी एकाच क्षणाभोवती फिरतो. कायदा अजून आलेला नाही, पण येऊ घातलाय. तोवर कुणीतरी उभं राहायला हवं. ते कोण आणि त्याची किंमत कोण भरणार?

'हाय नून' (१९५२) बघा. मार्शल केनचं आज लग्न झालंय, तो नोकरी सोडून निघालाय. तेवढ्यात कळतं, की त्यानेच तुरुंगात धाडलेला गुंड बाराच्या गाडीने परत येतोय. केन मदत मागत गावभर फिरतो. पंच्याऐंशी मिनिटांचा सिनेमा जवळजवळ घड्याळाच्या गतीने चालतो. सगळ्यात भयंकर सीन गोळीबाराचा नाहीच. तो चर्चमधल्या सभेचा आहे. लोक बोलतात, मुद्दे मांडतात, केनची स्तुती करतात आणि अखेर ठरवतात की त्याने गाव सोडावं हेच बरं. कॅन्टीनमध्ये 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' म्हणणारे सहकारी मीटिंगमध्ये माइक म्यूट करून बसतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा सीन ओळखीचा वाटेल.

पटकथाकार कार्ल फोरमनला तो जास्तच ओळखीचा होता. शूटिंग चालू असतानाच त्याला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावलं गेलं. त्याने इतरांची नावं सांगायला नकार दिला, हॉलिवूडची दारं बंद झाली आणि तो इंग्लंडला गेला. जॉन वेनला 'हाय नून' अजिबात आवडला नाही. त्याने आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो'तून उत्तर दिलं. त्यातला शेरीफ गावकऱ्यांकडे हात पसरत नाही, उलट पुढे आलेल्या मदतीलाही नको म्हणतो.

इथे मला या प्रकाराची नस सापडली. वेस्टर्न एकमेकांशी भांडतात. आधीच्याने जे लपवलं ते पुढचा बाहेर काढतो.

उधारीचा माणूस

१९६४ मध्ये सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने स्पेनमध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' शूट केला. गोष्ट कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून (१९६१) उचललेली. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि तडजोडीत जपानी बाजूला उत्पन्नातला वाटा मिळाला. त्यात विनोद असा, की कुरोसावा स्वतः जॉन फोर्डचा भक्त. अमेरिकेतून जपान, जपानहून इटली आणि तिथून परत अमेरिका, असा हा माल फिरला.

लिओनेने नीतिमत्ता काढून टाकली आणि वेळ ताणला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा (१९६६) शेवट आठवा. कबरींच्या वर्तुळात तीन माणसं, मोरिकोनेचं संगीत आणि आळीपाळीने डोळे, हात, डोळे. मोबाइलवर बघत असाल तरी फोन आडवा धरा आणि हेडफोन लावा. ही दफनभूमी सेट होती. बुर्गोसजवळ स्पॅनिश सैनिकांनी ती उभारली होती, नंतर ती गवताखाली गेली. पन्नासेक वर्षांनी चाहत्यांनी फावडी घेऊन ती पुन्हा उकरून काढली. खोट्या कबरी शोधायला खरी माणसं आली.

लिओनेच्याच 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधलं (१९६८) कुटुंबाचं हत्याकांड पाहिलंत तर ठाकूरच्या अंगणातला झोपाळा आठवल्यावाचून राहणार नाही. 'शोले'ने वेस्टर्नकडून घोडे, खडक घेतलेच (ट्रेनवरची मारामारी तर आपल्या पनवेलजवळ शूट झाली), पण मूळ प्रश्नही घेतला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो. १९७५ साल, आणीबाणी लागू. माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून शेवटी पोलिस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. कायदा अगदी वेळेवर पोचला, कारण तसा हुकूम होता. मूळ शेवट असलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात मोठ्या पडद्यावर दाखवली गेली.

दार बंद होतं

माझा सगळ्यात आवडता वेस्टर्न मला सगळ्यात जास्त छळतो. फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६). कोमांचींनी पळवलेल्या पुतणीचा एथन अनेक वर्षं शोध घेतो. हळूहळू आपल्या लक्षात येतं, की त्याला तिला सोडवायचं नाहीये. ती आता 'त्यांची' झाली म्हणून मारायचंय. शेवटी तो तिला उचलून घरी आणतो. सगळे आत जातात, तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, वळतो, आणि दार बंद होतं. वस्तीला त्याचा द्वेष उपयोगी पडला, पण घरात त्याला जागा नाही.

फोर्डने इथे बरंच काही दाखवलं, तरी लपवलंही. कोमांची प्रमुख स्कारच्या भूमिकेत बर्लिनमध्ये जन्मलेला हेन्री ब्रँडन आहे. शूटिंग झालं नव्हाहोंच्या भूमीवर, त्यांनाच कोमांची बनवून. आणि मूळ कादंबरीकार ॲलन लेमेच्या टिपणांत एथनमागची एक प्रेरणा सापडते: ब्रिट जॉन्सन. टेक्ससमधला हा कृष्णवर्णीय गाडीवान १८६० च्या दशकात पळवून नेलेल्या आपल्या बायको-मुलांना शोधायला निघाला होता. त्याच्या शोधात द्वेष नव्हता. पडद्यावर येईपर्यंत तो जॉन वेन झाला.

हे कळल्यावर सिनेमा आवडेनासा झाला का? नाही. पण आता ते दार बंद होताना मला बाहेर दोन माणसं दिसतात. एक एथन. दुसऱ्याला कॅमेऱ्याने कधी पाहिलंच नाही.

फोर्डने स्वतःच सहा वर्षांनी हिशोब मांडला. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये (१९६२) गुंडाला मारल्याच्या कीर्तीवर एक वकील सिनेटर होतो. गोळी खरी झाडलेली असते दुसऱ्यानेच, आणि तो विस्मृतीत मरतो. पत्रकाराला सत्य कळतं, पण तो छापत नाही. १९९२ च्या 'अनफरगिव्हन'मध्ये क्लिंट ईस्टवुडने तर अशा दंतकथा लिहिणारा लेखकच पात्र म्हणून आणला. गोळीबारानंतर रक्ताळलेल्या गुत्त्यात तो विचारतो, आधी कुणाला मारलंस? त्याला पुस्तकासाठी क्रम हवाय. त्याच सिनेमात पहिल्यांदाच माणूस मारलेला पोरगा झाडाखाली बसून रडतो, आणि त्या रडण्याचा त्या पुस्तकाला काही उपयोग नाही.

सुरुवात करायची असेल तर 'हाय नून'पासून करा, मग लिओने, मग 'द सर्चर्स'. 'अनफरगिव्हन' शेवटी ठेवा, कारण त्यातली निम्मी मजा आधीच्या सिनेमांशी चाललेल्या भांडणात आहे. आणि 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' इंटरनेटवर फुकट आहे. बारा मिनिटांत होतो. एखाद्या जेवणाच्या सुट्टीत बघून टाका. तो कॅमेऱ्याकडे पिस्तूल रोखेल तेव्हा अर्जेंटिनात गुरं पाळणाऱ्या त्या दोघांची आठवण ठेवा.