काजूच्या टरफलातील तेल

काजूबीच्या टरफलात दोन कठीण आवरणांमध्ये पोळ्यासारखा सच्छिद्र थर असून त्यात तांबूस-तपकिरी, दाट व दाहक तेल साठलेले असते. आतील गर गोड व पौष्टिक, पण त्याच्या सभोवती असलेला द्रव कातडी भाजणारा, असा हा विरोध आहे. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या रेडी (ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग) व आसपासच्या जांभ्या दगडाच्या टेकड्यांवर काजूची लागवड विपुल असल्याने या तेलाचे गुणदोष तेथील लोकांना रसायनशास्त्राच्या फार पूर्वी कळले होते. बी भाजताना उडणारे थेंब व धूर टाळणे, फोडण्यापूर्वी हातांना राख किंवा तेल चोळणे, हे त्या अनुभवाचेच फळ होय. तेच तेल पायांच्या भेगांवर व होड्यांच्या लाकडावर लावण्याचीही रीत किनाऱ्यावर आहे.

काजू मूळचा ब्राझीलचा. तेथील तुपी भाषेतील नाव पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. गार्सिया द ऑर्ता याच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात ‘अनाकार्दो’वर संवाद आहे, पण तो काजूवर नसून बिब्ब्यावर (भिलाव्यावर) आहे. काजूचे वर्णन क्रिस्तोव्हाऊ द कोश्ताच्या १५७८ च्या ग्रंथात आढळते. यूरोपातील औषधविक्रेते ‘ॲनाकार्डियम’ हे नाव बिब्ब्याच्या हृदयाकृती फळास देत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते काजूच्या प्रजातीस दिले व पुढे बिब्ब्यास ‘सेमेकार्पस’ हे नवे नाव मिळाले. ही अदलाबदल वाटते तितकी गैर नाही, कारण दोन्ही वृक्ष आम्र कुलातील असून त्यांची दाहकता एकाच जातीच्या संयुगांमुळे असते. चरकसंहितेत भल्लातक (बिब्बा) रसायन म्हणून सांगितला आहे, मात्र तो घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, अशी सूचनाही आहे.

श्टेडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये काजूच्या तेलातून ॲनाकार्डिक अम्ल व कार्डोल वेगळे केले. ॲनाकार्डिक अम्ल म्हणजे सॅलिसिलिक अम्लाच्या वलयास पंधरा कार्बन अणूंची लांब शृंखला जोडलेले संयुग. न तापविलेल्या तेलात त्याचेच प्रमाण सर्वाधिक असते. तेल तापविल्यास त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व कार्डानॉल उरते. म्हणून भाजलेल्या बियांतील तेल कच्च्या तेलाहून वेगळे असते, पण कार्डोल टिकून राहत असल्याने निरुपद्रवी होत नाही. जपानमधील लाखेच्या झाडातील उरुशिऑल व बिब्ब्यातील द्रव्ये याच वर्गातील होत.

या द्रव्यांमुळे होणारा त्वचाशोथ दोन प्रकारचा असतो. पहिला प्रत्यक्ष दाहामुळे होतो. दुसरा अधिहर्षतेचा (ॲलर्जीचा) असून त्यात फिनॉली रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, शरीराच्या प्रतिकारकोशिका त्यांना परके मानून पुढील संपर्काच्या वेळी हल्ला चढवितात आणि त्यामुळे एकदोन दिवसांनी पुरळ व फोड उठतात. मराठीत ‘बिब्बा उतणे’ म्हणतात ते हेच. बिब्ब्याच्या शाईने धोब्यांनी कपड्यांवर केलेल्या खुणांमुळे दुसऱ्या महायुद्धात भारतातील परदेशी सैनिकांना असा त्रास झाल्याची नोंद आहे. एकाला बिब्बा उतला, तर त्याला काजूचे तेल व आंब्याची सालही बाधण्याचा संभव असतो.

विसाव्या शतकात कार्डानॉलपासून रेझिने बनवून मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात व रंगांत ती वापरली जाऊ लागली आणि टरफलाला बाजारात किंमत आली. ॲनाकार्डिक अम्ल काही सूक्ष्मजंतूंना मारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, परंतु म्हणून टरफलातील तेल औषध ठरत नाही. १९५७ मध्ये वेंगुर्ले येथे स्थापन झालेल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती निवडल्या, त्या मुख्यतः उत्पन्न व गराच्या आकारासाठी. टरफल सोलण्याचे काम आजही प्रामुख्याने स्त्रियाच करतात, आणि हातमोज्यांनी बोटांची चपळाई कमी होते म्हणून पुष्कळजणी उघड्या हातांना तेल लावूनच ते करतात.