वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सोडा, चहा आणि कॉफी

लठ्ठपणा कमी करण्यासाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना जे आहारपत्रक दिले जाते, त्यात दोन सूचना हमखास आढळतात. सोडा किंवा फसफसणारे कोणतेही पेय घेऊ नये, ही पहिली. आणि चहा, कॉफी व अन्य कॅफीनयुक्त पेये काही काळ वर्ज्य करावीत, ही दुसरी. बहुधा या दोन्ही सूचना एकाच ओळीत उरकल्या जातात. वास्तविक त्यांची कारणे भिन्न आहेत, मुदती भिन्न आहेत आणि त्यांमागील शास्त्रीय पुराव्याचे बळही सारखे नाही. सोड्याविषयी सर्वाधिक सांगितले जाणारे कारण सर्वांत दुबळे आहे, तर चहाविषयीचे जे कारण आयुष्यभर लागू राहते, तेच बऱ्याचदा बाजूला पडते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये जठराला वळसा देणारी, म्हणजेच 'गॅस्ट्रिक बायपास' ही शस्त्रक्रिया वजन घटवण्यासाठी प्रथम केली. तिच्या आजच्या स्वरूपात जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलीटर मावतील एवढी लहानशी पिशवी तयार करून ती थेट लघुआंत्राला जोडली जाते. त्यामुळे उरलेले जठर व आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नमार्गातून वगळला जातो. सध्या अधिक प्रमाणात केल्या जाणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याला मात्र हात लावला जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीनुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष स्थूल किंवा लठ्ठ आहेत. या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष शिथिल केले असून, आशियाई व्यक्तींच्या बाबतीत शरीरभार निर्देशांक २७.५ पेक्षा अधिक असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे सुचवले आहे. त्यामुळे हे आहारपत्रक हाती पडणाऱ्यांची संख्या वाढत जाईल, हे उघड आहे.

सोडा : वायूचे काय होते ?

बाटलीबंद शीतपेयात त्याच्या आकारमानाच्या तीन ते चार पट कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवलेला असतो. बाटली उघडताच त्यातील काही निघून जातो, उरलेला पोटातील उष्णतेने मोकळा होतो. निरोगी जठराचा वरचा घुमटाकार भाग लवचिक असतो. अन्न किंवा वायू आल्यास तो सैलावतो, वायू तेथे साठतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका हाच घुमट काढून टाकला जातो. उरलेल्या नळीच्या खालच्या तोंडाशी झडप कायम असते आणि नळीची भिंत फारशी ताणत नाही. परिणामी आत दाब वाढतो. पोट फुगणे, छातीत दाटणे, आंबट पाणी घशाशी येणे आणि कधी उलटी होणे, ही त्याची लक्षणे होत. या शस्त्रक्रियेनंतर मुळातच काही रुग्णांना आम्लाचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. अशांना सोडा अधिकच बाधतो.

सोड्यामुळे नवी पिशवी ताणली जाऊन कायमची मोठी होते आणि वजन पुन्हा वाढते, असे रुग्णांना सर्रास सांगितले जाते. कल्पना पटण्याजोगी असली, तरी ती ठामपणे सिद्ध करणारा पुरावा उपलब्ध नाही. वायू पिशवीत दीर्घकाळ थांबत नाही. तो वर तरी निघतो किंवा खाली तरी सरकतो. पिशवीचे आकारमान काळानुसार थोडेफार वाढते, हे खरे आहे. पण त्याचे खापर एकट्या सोड्यावर फोडता येत नाही. भीती दाखवून पाळायला लावलेला नियम भीती ओसरताच मोडला जातो. एखाद्या रुग्णाने सहा महिन्यांनी चोरून ग्लासभर सोडा घेतला आणि काहीच बिघडले नाही, तर पत्रकातील इतर सूचनांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

पहिल्या काही आठवड्यांत मात्र हा नियम कसोशीने पाळण्यास भक्कम कारण आहे. जठराची शिवण त्या वेळी ताजी असते. शिवणीतून गळती होणे ही क्वचित घडणारी, परंतु जिवावर बेतू शकणारी गुंतागुंत आहे. पोटात वाढत जाणारी वेदना, ताप आणि जलद नाडी ही तिची चिन्हे असतात. सोड्याने उठलेली कळ आणि गळतीची कळ यांतला फरक रुग्णाला घरी ओळखता येत नाही. 'गॅस झाला असेल' म्हणून एक रात्र काढणे अशा वेळी फार महागात पडू शकते.

येथे भारतीय घरांतील एका सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. पोट जड झाले की सोडा वॉटर मागवणे, किंवा फसफसणारे पाचक चूर्ण पाण्यात टाकून पिणे, हा सर्वपरिचित उपाय आहे. या चूर्णात खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. पाणी लागताच दोहोंच्या संयोगातून तोच कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. शिवाय त्यात सोडियमचे प्रमाण बरेच असते. म्हणजे शीतपेय निग्रहाने टाळणारा रुग्ण औषध समजून तीच गोष्ट पोटात घेतो. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या फसफसत्या गोळ्या, दिल्लीचा बंटा, महाराष्ट्रातील गोटी सोडा, सोडा घातलेले जलजिरे आणि बिअर हीदेखील याच सदरात मोडतात.

साखरेची बाजू

वायूपेक्षा अधिक टिकाऊ हानी साखरेची आहे. कोलासारख्या गोड शीतपेयाच्या १०० मिलिलीटरमध्ये साधारणतः १० ते ११ ग्रॅम साखर असते. जठर लहान केल्याने घन आहारावर मर्यादा येते. द्रव पदार्थ मात्र त्यातून सहज घसरतात आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेचा मूळ हेतूच बाजूला पडतो. बाटली उघडी ठेवून वायू घालवला, तरी साखर तेथेच राहते.

बायपास झालेल्या रुग्णांना याचा निराळा त्रास संभवतो. साखरेचे तीव्र द्रावण वेगाने आतड्यात उतरल्यास १० ते ३० मिनिटांत मळमळ, पोटात कळा, जुलाब, घाम आणि धडधड सुरू होते. याला 'डंपिंग' म्हणतात. काही रुग्णांना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरल्याने थरथर व भोवळ येते. स्लीव्हनंतरही हे घडू शकते, परंतु प्रमाण कमी असते. साखरविरहित शीतपेयाने हा प्रश्न मिटतो. वायूचा, आम्लाचा आणि कोला असल्यास कॅफीनचा मिटत नाही.

जाता जाता एक अपवाद नोंदवण्याजोगा आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी भाज्या-फळांतील चोथ्याचा गोळा जठरात अडकून बसतो. तो विरघळवण्यासाठी डॉक्टर कोला पेयाचाच वापर करतात. अर्थात हा रुग्णालयातील देखरेखीखालचा उपचार आहे.

कॅफीन : सुरुवातीचे आठवडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, १५० मिलिलीटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे त्यात म्हटले आहे. ही मर्यादा सर्वसाधारण प्रौढांसाठी असून, शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ती वेगळी ठरवलेली नाही.

शस्त्रक्रियेनंतर चहा-कॉफी किती दिवस बंद ठेवावी, याबाबत रुग्णालयांत एकवाक्यता नाही. कोठे एक महिना सांगतात, तर कोठे तीन. कॉफीमुळे जठरातील आम्लाचे स्रवण वाढते आणि ताजी शिवण असताना ते इष्ट नाही, हे यामागील मुख्य कारण. कॅफीनने शरीरातील पाणी कमी होते, हे दुसरे कारण मात्र अतिशयोक्त आहे; सवय असलेल्या व्यक्तीत मध्यम प्रमाणातील कॉफीने तसे होत असल्याचे दिसत नाही. खरी अडचण जागेची आहे. दिवसभरात किमान दीड लिटर द्रव घोटाघोटाने घ्यायचा असतो. त्यातील मोठा वाटा चहाने अडवला, तर पाणी, पातळ ताक आणि प्रथिनयुक्त पेय यांना वाव उरत नाही. त्यातच प्रत्येक कपात दोन चमचे साखर असल्यास पाच-सहा कपांतून ५० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते.

डोकेदुखी आणि वेदनाशामक गोळी

अनेक वर्षे दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्याचा चहा शस्त्रक्रियेच्या दिवशी अचानक तुटला, तर १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते. ही डोकेदुखी दुसऱ्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असते आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकते. थकवा, चिडचिड व मळमळ तिच्या जोडीला असतात. घरच्यांना हे शस्त्रक्रियेचेच दुखणे वाटते आणि घरातील नेहमीची गोळी दिली जाते.

धोका येथे आहे. आयब्यूप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामके बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी व्रण निर्माण करू शकतात. हा व्रण रक्तस्राव किंवा छिद्र होण्यापर्यंत जाऊ शकतो. बाजारातील अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयब्यूप्रोफेन असते आणि ते वेष्टन वाचल्याखेरीज कळत नाही. तंबाखू हे अशा व्रणाचे दुसरे प्रस्थापित कारण होय. चहाचा एक घोट घेतला म्हणून धास्तावणारा रुग्ण सिगारेट ओढत असेल, तर त्याची धास्ती चुकीच्या जागी आहे. कॅफीनमुळे असे व्रण होतात, याचा तितका ठोस पुरावा नाही.

यावर उपाय सोपा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे यकृत आक्रसण्यासाठी अल्प उष्मांकाचा आहार दिला जातो. त्याच काळात दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करत गेल्यास डोकेदुखी टळते. डोके दुखलेच, तर कोणती गोळी चालेल हे शल्यचिकित्सकांकडून आधीच लिहून घ्यावे.

चहा आणि लोह

लोहाचे शोषण प्रामुख्याने लघुआंत्राच्या सुरुवातीच्या भागात होते आणि त्यासाठी जठरातील आम्ल उपयोगी पडते. बायपासमध्ये आतड्याचा हाच भाग वगळला जातो आणि आम्लही घटते. स्लीव्हमध्ये आतडे शाबूत राहते, पण आम्ल व आहार दोन्ही कमी होतात. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे अनेक स्त्रिया शस्त्रक्रियेला सामोऱ्या जातात त्याच मुळी लोहाची उणीव घेऊन.

चहा व कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हॅम्बर्गरच्या जेवणासोबत घेतलेल्या एका कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा परिणाम झाला नाही. तासाभराने नंतर घेतलेल्या कॉफीचा मात्र जेवणासोबत घेतल्याइतकाच झाला. धान्य, डाळी व पालेभाज्यांतील लोहावर हा परिणाम विशेषत्वाने होतो, त्यामुळे शाकाहारी रुग्णांना तो अधिक भोवतो. वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या सूचनांतही जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे.

बायपासनंतर पाळी येणाऱ्या स्त्रियांना सामान्यतः दररोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह पूरक स्वरूपात घ्यावे लागते, तेही दीर्घकाळ. ही गोळी सकाळच्या चहासोबत घेण्याची पद्धत घरोघर आहे आणि ती गोळीचा बराचसा उपयोग वाया घालवते. लिंबू किंवा आवळ्यासोबत घेतल्यास शोषण सुधारते. कॅल्शियमची गोळी लोहापासून किमान दोन तास दूर ठेवावी. लठ्ठपणाच्या अनेक रुग्णांना थायरॉइडचीही गोळी चालू असते. कॉफीमुळे तिचेही शोषण घटते, म्हणून ती केवळ पाण्यासोबत घ्यावी.

कॅफीन काढून टाकलेली कॉफी किंवा ग्रीन टी घेतल्याने ही अडचण दूर होत नाही. लोह अडवणारी द्रव्ये या दोन्हींत असतात, आणि ग्रीन टीमध्ये तर कॅफीनही असते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने व पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी लागते. त्या वेळी फेरिटिनचा अहवाल कमी आल्यास, गोळीची मात्रा वाढवण्यापूर्वी चहा दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी घेतला जातो, हे डॉक्टरांना सांगावे.