ऑटिझमचा रकाना: कायदा, कलेक्टर आणि ३ डिसेंबरचे पुरस्कार

आजचा भाग कागदपत्रांबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकतो. फॉर्म, दाखले, रकाने, समित्या. ऐकायला रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे त्यांना विचारा या रकान्यांवर काय काय अडकलेलं असतं. शाळेतला प्रवेश, एसटीची सवलत, विमा, आणि आईवडील गेल्यावर त्या मुलाच्या वतीने बँकेत सही कोण करणार, इथपर्यंत.

तर प्रश्न असा की आपल्या सरकारांना, म्हणजे केंद्राला आणि राज्यालाही, ऑटिझम नावाची गोष्ट आहे हे कधी कळलं? आणि कळलं म्हणजे नेमकं काय झालं?

थोडं मागून सुरू करू. ‘ऑटिझम’ हा शब्द मुळात मुलांसाठी नव्हताच. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगताना वापरला. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला आणि हा शब्द मुलांना चिकटला. पण जुन्या शब्दाची सावली सुटली नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० पर्यंत ही मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियाच्या खात्यात होती. १९८० साली ऑटिझमला स्वतःचं खातं मिळालं. आपल्याकडे मराठीत ‘स्वमग्नता’ असा शब्द आला. शब्द सुरेख आहे, पण मला तो जरा फसवा वाटतो. मूल जणू स्वतःहून, आवडीने आत जाऊन बसलंय असा भास होतो. म्हणून मी ऑटिझमच म्हणणार आहे.

आता सरकारकडे येऊ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी आहे. त्यात नववी नोंद अपंग आणि नोकरीसाठी अपात्र अशा लोकांना मदत करण्याची. हे दोन शब्द एका दमात घेतलेत, लक्षात घ्या. म्हणजे १९५० पासून हा विषय राज्याचा, आणि त्याची चौकट कामधंद्याची: कमावता येत नाही त्याला मदत. ही चौकट पुढे सगळीकडे दिसत राहते.

राज्याने मदत केली ती मुख्यतः विशेष शाळांना अनुदान देऊन. आणि त्या शाळांचे महाराष्ट्रात चार प्रवर्ग ठरले: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद. शब्द त्या काळचे आहेत, आज आपण ते वापरत नाही, पण इतिहास सांगताना बदलताही येत नाहीत. यातल्या चौथ्या प्रवर्गाचं काम सरकारच्या आधीपासून चालू होतं. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली जय वकील शाळा सुरू केली, म्हणजे कॅनरच्या निबंधानंतर जेमतेम वर्षभराने. पालकांनी आधी सुरू करायचं आणि सरकारने मागाहून यायचं, हा क्रम तुम्हाला या सबंध गोष्टीत पुन्हा पुन्हा दिसेल.

ऑटिझम असलेलं मूल या चारांपैकी कुठे बसायचं? त्याला दिसतं, ऐकू येतं, ते पळतं. उरला चौथा प्रवर्ग. बौद्धिक अपंगत्व असेल तर निदान तिथे जागा. नसेल तर साध्या शाळेत ‘हट्टी’, ‘आगाऊ’, ‘आईने लाडावलेलं’ वगैरे.

याच काळात पुरस्कारही सुरू झाले. केंद्र सरकारचे अपंगांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासूनचे. सुरुवात कोणासाठी? उत्तम अपंग कर्मचारी आणि उत्तम मालक यांच्यासाठी. पुन्हा तीच कामधंद्याची चौकट! हळूहळू प्रकार वाढले: संस्था, संशोधन, खेळाडू, उत्तम ब्रेल छापखाना, सर्जनशील मूल, उत्तम जिल्हा. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ डिसेंबर हा दिवस ठरवला आणि पुरस्कारांना तारीख मिळाली. राज्यांनीही आपापले पुरस्कार काढले. उत्तम कर्मचारी, स्वयंउद्योजक, नोकरी देणारे, संस्था, असाच साधारण साचा.

पुरस्कारांची टिंगल करायचा माझा हेतू नाही. ग्रामीण भागातल्या संस्थेला असा एक पुरस्कार मिळाला की तालुक्याच्या कचेरीत तिच्या अर्जाकडे जरा बघितलं जातं, देणगीदार फोन उचलतात. ‘उत्तम जिल्हा’ असा प्रकार ठेवला की कलेक्टरलाही या विषयात रस घ्यायला एक कारण मिळतं. पण पुरस्काराची यादी म्हणजे सरकारच्या डोक्यातला नकाशाही असतो. ब्रेल छापखान्याला त्यात स्वतंत्र जागा मिळाली, कारण अंधत्व म्हणजे काय हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

एखादी गोष्ट नकाशावर कशी येते, याचं जवळचं उदाहरण सेरेब्रल पाल्सीचं. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीही मुलीच्या अनुभवातूनच. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि १९९५ चा कायदा झाला तेव्हा सेरेब्रल पाल्सी त्यात होती, अस्थिव्यंगाच्या व्याख्येतच घातलेली. पद्मश्रीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण वीसेक वर्षांचं उभं काम आणि दिल्लीला माहीत असलेला चेहरा असला की मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून तो शब्द सुटत नाही, एवढं नक्की.

ऑटिझमचा शब्द मात्र सुटला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. सवलती, मोफत शिक्षण या सातांना, आणि नोकऱ्यांतलं ३ टक्के आरक्षण त्यांतल्या अंधत्व-अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग एवढ्यांनाच. ऑटिझमला स्वतंत्र खातं मिळून तोवर १५ वर्षं झाली होती, पण ते मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात. आपल्या राजपत्रात नाही.

दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं होतं. त्याही एका ऑटिस्टिक मुलाची आई. देशभरातले पालक, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे पालकही, एकच प्रश्न घेऊन येत होते: आमच्यानंतर काय? या प्रश्नातून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला, आणि त्याच्या नावातच ‘ऑटिझम’ हा शब्द होता. केंद्राने १०० कोटी रुपयांचा एकरकमी निधी दिला. पुढे ‘निरामय’ नावाची विमा योजना आली, १ लाख रुपयांपर्यंतची. तिच्यात थेरपीचाही खर्च बसतो, आणि हे पालकांना फार मोलाचं वाटतं, कारण ऑटिझममध्ये खर्च असतो तो इस्पितळाच्या खाटेवर कमी आणि दर आठवड्याच्या थेरपीवर जास्त.

या कायद्याचा खरा गाभा आहे पालकत्वाचा. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान. आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व तिथे संपतं, मुलाला बोलता येत नसलं तरी. मग त्याचं खातं, त्याच्या नावावरची जमीन, शस्त्रक्रियेची संमती? न्यास कायद्याने हा प्रश्न कोर्टातून काढून जिल्ह्यात आणला. प्रत्येक ठिकाणी एक स्थानिक स्तर समिती: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. पालक, नातेवाईक किंवा संस्था अर्ज करते, समिती पालक नेमते, आणि त्या पालकाने ६ महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा. साधी, शहाणी रचना आहे.

पण गंमत बघा. समितीतली ती अपंग व्यक्ती कोण, याची व्याख्या कायद्याने १९९५ च्या कायद्यातून उचलली. म्हणजे त्या सात प्रकारांतली. ऑटिझमसाठी केलेल्या कायद्याच्या समितीवर केवळ ऑटिझम असलेली व्यक्ती त्या व्याख्येने बसूच शकत नव्हती!

आणि दाखला? तो न्यासाने द्यायचाच नव्हता. सवलती राज्याच्या, दाखला सरकारी इस्पितळाचा, आणि तिथला फॉर्म १९९५ च्या सात प्रकारांचा. मग व्हायचं असं की बुद्ध्यांक ७० च्या खाली आला तर ‘मतिमंद’ म्हणून दाखला मिळे, वर आला तर काहीच नाही. काही आईवडील तर आपलं मूल चाचणीत कमी पडावं अशी मनातल्या मनात प्रार्थना करत बसत. त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

ही कोंडी फुटायला वेळ लागला. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ऑटिझम मोजण्याची भारतीय मोजपट्टी तयार केली, ‘इसा’ नावाची. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, १५३ च्या वर तीव्र. केंद्राने तिच्या आधारे दाखल्याची रीत ठरवून दिली एप्रिल २०१६ मध्ये. मोजपट्टी तयार, रीत ७ वर्षांनी! तेवढ्यात ६ वर्षांचं मूल १३ वर्षांचं झालं.

मधल्या दोन तारखा झटकन सांगतो. शिक्षणहक्क कायद्यात अपंग बालकाची व्याख्या २०१२ च्या दुरुस्तीने रुंदावली आणि न्यास कायद्यातली मुलं स्पष्टपणे आत आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्या पालघरमधून, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुलं तपासायची, विकासातल्या अडचणी लवकर हेरायच्या. त्या यादीत ऑटिझम आहे.

मग २०१६ चा कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू. सातांचे २१ प्रकार झाले आणि ऑटिझमला अखेर स्वतःचा रकाना मिळाला. आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर गेलं. वाढलेला हा १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. स्पर्धापरीक्षा, तोंडी मुलाखत यांतून जाणारी नोकरी, आणि मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं हीच ज्याची अडचण तो उमेदवार. खासगीत थोडं वेगळं घडलं होतं. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने ऑटिझम असलेल्यांना कामावर घेण्याचा कार्यक्रम २०१३ मध्ये जगभर जाहीर केला, त्याचा आधीचा प्रयोग बंगळुरूत झाला होता.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला, तारीख अर्थातच ३ डिसेंबर. त्याआधी हे काम सामाजिक न्याय खात्याच्या पोटात चालायचं. गोव्याने महिन्याभरातच, जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरवला. राज्यं या विषयात आता दिसू लागली आहेत, हे मान्य करायला हवं. पण २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले, त्यात ऑटिझमला रकाना नव्हता. ती मंडळी ‘इतर’मध्ये गेली किंवा मतिमंदांत, किंवा कुठेच नाही. किती मुलांसाठी किती थेरपिस्ट हवेत हे ठरवायला त्या जनगणनेतून काहीच हाती लागत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं मूल १७-१८ च्या घरात असेल, तर पालकत्वाचा अर्ज अजूनही त्याच स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या वाटेनेच जातो. दाखला, वयाचा पुरावा जमवायला लागा, मूल १८ चं होईपर्यंत थांबू नका. भेटू पुढच्या भागात.